तळटीप : ‘फोर्ट स्टिकीन’

ब्रिटनसाठी कॅनडात युद्धकाळात घाईने बांधलेल्या ‘फोर्ट’ मालिकेतली ही ७,१४२ टनी मालवाहू आगबोट. बांधणी प्रिन्स रूपर्ट येथे, १९४२. फेब्रुवारी १९४४मध्ये दारूगोळा, विमाने, सोन्याच्या विटा घेऊन ती बर्कनहेडहून निघाली. कराचीत कापसाच्या गाठी चढल्या. दोन नंबरच्या मालकोठारात खाली कापूस आणि त्यावर स्फोटके! ही मांडणी अक्षम्यच म्हणावी लागेल. १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दुपारी कापूस धुमसताना दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले. मूळ मजकुरात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून तो इथे मुद्दाम केला आहे. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. या सेवेतल्या अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. — संपा., प्रताप नगर, नागपूर