पाळक, लेखक आणि खिळे जुळवणाऱ्या मुली



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो ते गुरुजी इतिहास शिकवताना माणसाचे गाव आधी विचारीत. त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे मीही आपल्या बेळगावापासूनच आरंभ करतो. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली येथे झाला. येथल्याच मिशनच्या शाळेत ते शिकले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही याच गावी. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. हे पुस्तक मी तीसांहून अधिक वर्षे वर्गात शिकवले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी, विधवांच्या हालअपेष्टांचे चित्रण, रचनेतील सैलपणा, वगैरे वगैरे. एकदा मागच्या बाकावरील एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने विचारले, “सर, ते पाळक होते ना?” “हो, तेही होते,” असे म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

ते ‘तेही’ पुढे मला बोचत राहिले. आम्ही वाङ्मयेतिहासकारांनी या माणसाचे दोन तुकडे केले. लेखक तेवढा घेतला आणि पाळक बाजूस ठेवला. बाबांच्या आयुष्यात मात्र ही फाळणी नव्हती. पुण्यात ते एका ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. पुढे ते पद सोडून त्यांनी लेखन-संपादनास सर्वस्वी वाहून घेतले. शब्दकोश, नव्या करारावरील टीका, नियतकालिके, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र, शिवाय असंख्य लहान पुस्तिका असा शंभरावर पुस्तकांचा हा संसार १९०६ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालला होता. पद सुटले, पण सेवा सुटली नाही. व्यासपीठाच्या जागी मेज आले, एवढाच फरक.

मराठीचा शिक्षक असल्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. ‘पाळक’ या शब्दात मेंढपाळ आहे. ‘डिकन’ हे चर्चमधील पद ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ सेवक, पंगतीत वाढणारा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात या पदामागची हकीकत सापडते. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार उठली आणि त्या कामासाठी सात माणसे निवडली गेली. म्हणजे ख्रिस्ती मंडळीत कामाची एक पहिली वाटणी झाली ती विधवांच्या ताटावरून. बाबांनी आपल्या कादंबरीसाठी विधवांचाच विषय घेतला, हे ध्यानात आल्यावर मला त्या पुस्तकाचा सैलपणा पूर्वीइतका खटकेनासा झाला. पुढे पौलाने करिंथच्या लोकांना एक शरीर आणि अनेक अवयव यांचा दाखला दिला तो सर्वश्रुत आहे. पण डोळा हाताला कमी लेखतो, हे रोज घडत होते म्हणूनच तसा दाखला देण्याची वेळ आली असणार.

आणि ते पुढेही घडत राहिले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असत. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा चर्चमधील वरिष्ठांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे त्यांना रुचले नाही. शास्त्र्यांच्या सभेपुढे संस्कृतात बोललेली ही बाई! तिने त्या वरिष्ठांशी पत्रांतून जो वाद घातला, तो आपल्या मुलींनी अवश्य वाचावा.

‘मंडळी’ या शब्दाचीही मौज आहे. ख्रिस्ती बांधव तो चर्चसाठी वापरतात आणि आमच्या वडिलांच्या पिढीतील पुरुष ‘आमची मंडळी’ म्हणत ते पत्नीला उद्देशून. नारायण वामन टिळकांच्या घरी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. लोकांच्या ओठी राहिले ते त्यांचे अभंग. लक्ष्मीबाईंकडे ना पद, ना शालेय शिक्षण. घरात सतत माणसांचा राबता, पोरक्या मुलांचा सांभाळ, आणि उदारहस्त नवऱ्यामुळे रिकामा डबा. १९१९ साली टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुरे केले या बाईंनी. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी सर्वांना ठाऊक आहे, त्याविषयी मी बोलत नाही. ‘ख्रिस्तायन’ मात्र आमच्यापैकी किती प्राध्यापकांनी अखेरपर्यंत वाचले, हे विचारू नये.

आता केडगावला जाऊ. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्यासुध्या बायकांना समजावे, हा हेतू. त्यांची भाषा मूळाला फार चिकटून चालते आणि कित्येक ठिकाणी अडखळते, हे माझे मत मी लपवीत नाही. १९२२ साली त्या गेल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो छापला मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात. तेथे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने बांधणाऱ्या आश्रमातल्याच मुली होत्या. दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या कितीतरी मुलींना रमाबाईंनी तेथे आणले होते. अक्षरओळखही नसलेल्या हातांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचा एकेक खिळा उचलायला शिकावे, ही उपासना मला कोणत्याही प्रवचनाहून उणी वाटत नाही. अनुवादिकेचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात आले, या मुलींचे कोणी लिहिले नाही. मीही माझ्या प्रबंधात लिहिले नव्हते.

मध्यंतरी ती विद्यार्थिनी भेटली. आता तीही निवृत्त झाली आहे. रविवारी चर्चमधील मुलांना शिकवते आणि उपासनेत पेटी वाजवते. ‘यमुनापर्यटन’ची माझी जुनी प्रत मी तिला दिली. तिने उभ्या उभ्याच पाने उलटली आणि समासातली माझी टिपणे वाचू लागली. कथानक, पात्रे, भाषाशैली, सुधारणावाद, सारे काही होते. ‘पाळक’ हा शब्द कोठेच नव्हता. तिने पुस्तक मिटले, पिशवीत ठेवले आणि म्हणाली, “सर, पेन्सिलीनं मी लिहीन.”