सांगली बँक आणि तिच्यापूर्वीचा हुंडीव्यवहार

सांगली बँकेची स्थापना ता. ५ आक्टोबर १९१६ (शके १८३८) रोजीं झाली, व इ. स. २००७ च्या एप्रिलांत ती आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली. त्या वेळीं तिच्या सुमारें दोनशें शाखा होत्या. या नव्वद वर्षांचा वृत्तांत छापील अहवालांवरून लिहितां येईल. परंतु १९१६ सालीं ही बँक उभी कशी राहूं शकली, या प्रश्नाचें उत्तर जुन्या पेठेच्या कागदांतच शोधिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

तो काळ बँक काढण्यास मुळींच अनुकूल नव्हता. स्वदेशीच्या चळवळींत निघालेल्या अनेक बँका १९१३-१४ सालीं बुडाल्या. लाहोरची पीपल्स बँक व मुंबईची इंडियन स्पीसी बँक यांचीं दारें १९१३ सालींच बंद झालीं, आणि पुढच्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें. अशा वेळीं एका लहान संस्थानाच्या राजधानींत लोकांनीं नव्या बँकेंत पैसा ठेवावा, हें सहज घडणारें नव्हे.

चिंतामणराव पटवर्धन यांनीं इ. स. १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळें होऊन सांगलीस ठाणें केलें. पुढें ही पेठ हळदीसाठीं प्रसिद्धीस आली. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरास हळद जमिनींतील पेवांत सांठवीत. पेव एकदां बंद केलें म्हणजे माल दीर्घकाळ टिके. पण तोंपर्यंत व्यापाऱ्याचें भांडवल जमिनींत अडकून पडे. म्हणून अशा पेठेस उधारीवांचून गति नसते; आणि उधारी म्हणजे परस्परांची पत.

ही पत हुंडीच्या मसुद्यांतच दिसून येते. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवितांच द्यावयाचे, मुदतीचे ठरल्या दिवशीं. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेंतील प्रतिष्ठित सावकाराच्या हातींच पडावयाचे. भलत्यास दिले तर देणाराच बुडे. रक्कम आंकड्यांत व अक्षरांत लिहून शिवाय ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ अशी मांडीत, म्हणजे खाडाखोडीस वाव राहत नसे. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ व तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून देत. पैसे चुकते झालेल्या हुंडीस ‘खोका’ म्हणत.

यावरून आमचा तर्क असा कीं, १९१६ सालीं लोकांनीं विश्वास टाकला तो कंपनीच्या कायद्यापेक्षां या जुन्या व्यवहारानें घालून दिलेल्या शिस्तीवर. बँक नवी होती. वेळेवर पैसे देण्याची रीत नवी नव्हती. हा तर्क खरा कीं खोटा, हें त्या काळच्या पेढ्यांच्या मोडी रोजकिर्दी व खतावण्याच ठरवितील.

दुर्दैवानें याच कागदांची हेळसांड फार होते. सनदा व महजर जपून ठेवणारे संग्राहकही खोके रद्दी समजून टाकतात. २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरांत हरिपूरच्या पेवांचें मोठें नुकसान झालें; नदीकांठच्या घरांतील दप्तरांसही तेंच भय आहे. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, असा रुमाल हातीं आल्यास त्यांतील सुबक हुंड्या निवडून बाकीचें फेंकूं नये; रुमाल अखंड ठेवावा आणि तो कोणत्या गांवच्या पेढीचा, तें त्यावर लिहून ठेवावें. रोजकिर्दींतील नोंदीशीं ताडून पाहिल्याशिवाय खोक्याचा अर्थ लागत नाहीं.