आधी काम, मग यंत्र

दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून आली. रात्री जेवणं झाल्यावर तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. "आबा, एवढं घ्यायचंय. निम्मे पैसे मी साठवलेत. निम्मे तुम्ही द्याल का?"

कागदावर संगणकाच्या भागांची यादी होती : प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय आणि सगळ्यात महाग असं ३२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. बेरीज पाच लाखांच्या घरात. निम्मे म्हणजे माझी एक मुदत ठेव मोडणं आलं.

"पण यावर करणार काय?"

"माळ्यावरची ट्रंक वाचणार."

ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. मोडी मला वडिलांनी शिकवली. आता घरात ती वाचणारा मी एकटाच उरलोय, आणि माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा अजून तसाच आहे. संगणकाला मोडी वाचायला शिकवायचं, असं तिच्या मनात आहे. हेतू ऐकून बरं वाटलं, पण लगेच 'हो' म्हणवेना.

त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेने वर्गणी जमवून संगणक घेतले होते. वेगळी खोली, पडदे, बाहेर चपला काढायच्या, प्रत्येक यंत्रावर प्लास्टिकचं आवरण. किल्ली माझ्याकडे. त्यावर शिकवायचं काय, हे मात्र कोणीच ठरवलं नव्हतं, मीही नाही. मुलं खिडकीतून डोकावून जात. चार वर्षांनी आवरणं काढली तेव्हा यंत्रं जुनी झाली होती. ती किल्ली आजही मला टोचते.

म्हणून इतिहासाच्या मास्तराने करावं तेच मी केलं. आधी कोणी कसं केलं होतं, ते शोधून काढलं.

ग्राफिक्स कार्ड मुळात खेळांसाठी. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येकाचा रंग एकाच वेळी ठरवायचा असतो. त्यासाठी एक मोठा पंडित कामाचा नाही. साधे गुणाकार-बेरजा करणारे हजारो हात हवेत. वर्गात एका हुशार मुलाने हजार गणितं सोडवण्यापेक्षा चाळीस मुलांनी वाटून घेतली तर लवकर उरकतात, तसंच हे. पुण्याला ही कल्पना नवी नाही. १९८८ मध्ये तिथे सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, तो ट्रान्सप्युटर नावाचे ६४ छोटे प्रोसेसर एकत्र राबवूनच.

मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याची नक्कल करून संगणकाला शिकवायचं, तर तिथेही असेच गुणाकार आणि बेरजा, अब्जावधी वेळा. २००७ मध्ये एनव्हिडिया कंपनीने 'कुडा' ही प्रणाली आणली आणि खेळांच्या कार्डावर इतर गणितं करणं सोपं झालं.

२०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी त्याचा उपयोग केला. जेफ्री हिंटन हे गुरू, अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केवर हे शिष्य. (हिंटन यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) चित्रात काय आहे ते यंत्राने ओळखायचं, अशी 'इमेजनेट'ची स्पर्धा होती. शिकण्यासाठी सुमारे १२ लाख चित्रं, ओळखण्यासाठी १००० प्रकार. क्रिझेव्हस्कीने हे काम आई-वडिलांच्या घरी, आपल्या खोलीत केलं. हाताशी होती जीटीएक्स ५८० ही दुकानात मिळणारी दोन कार्डं, प्रत्येकी ३ जीबी स्मृतीची.

जाळं एका कार्डात मावत नव्हतं. तेव्हा त्यांनी ते दोन भागांत वाटलं. निम्मं एका कार्डावर, निम्मं दुसऱ्यावर, आणि दोघांनी एकमेकांशी फक्त ठराविक थरांमध्ये बोलायचं. शिकवणी पाच-सहा दिवस चालली. पहिल्या पाच अंदाजांतही बरोबर उत्तर नसण्याचं प्रमाण त्यांचं १५.३ टक्के आलं, दुसऱ्या क्रमांकाचं २६.२ टक्के. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट त्या खोलीतून उठली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, काम आधी ठरलं होतं आणि यंत्राची उणीव युक्तीने भरून काढली गेली. दुसरी गोष्ट बातम्यांत कमी येते. ती चित्रं जमवण्याचं काम फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं होतं, आणि इंटरनेटवरून काम करणाऱ्या हजारो माणसांनी एकेक चित्र पाहून 'हे मांजर', 'ही बोट' असं नोंदवलं होतं. शिकवणारी माणसं नसती, तर ती दोन कार्डं खेळच खेळत बसली असती.

नातीला हे सांगितलं आणि आम्ही वही घेऊन बसलो. सात अब्ज अंकांचं भाषेचं जाळं, प्रत्येक अंकाला दोन बाइट, म्हणजे नुसतं ठेवायलाच १४ जीबी. शिकवायचं तर त्याच्या कितीतरी पट. पण आपल्याला गप्पा मारणारं यंत्र नको, अक्षर ओळखणारं हवंय. त्याचं जाळं पुष्कळ लहान असतं. तिने स्वतःच ३२ जीबीचं कार्ड खोडून १६ जीबीचं लिहिलं. इतर भागही उतरले. बेरीज दोन लाखांच्या आत आली आणि ठेव वाचली.

"पण मोडीची चित्रं नोंदवणार कोण?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसली.

तेव्हापासून रोज सकाळी उजेड चांगला असताना मी एक पान वाचतो आणि प्रत्येक ओळीखाली ती बाळबोधीत लिहून काढतो. ती पुण्याला गेल्यापासून फोटो पाठवायलाही शिकलोय. कालपर्यंत एकतीस पानं झाली. बहुतेक देण्याघेण्याचे हिशेब आहेत. एका पानावर मात्र पणजोबांनी एका दुष्काळी वर्षी बैल विकल्याची नोंद सापडली. ती घरात कोणालाच माहीत नव्हती.

यंत्र अजून घेतलेलं नाही. आधी पाचशे पानं होऊ देत, असं आमचं ठरलंय. नातीने यादी पुन्हा लिहून पाठवली आहे. त्यात सगळ्यात वर, प्रोसेसरच्याही आधी, तिने लिहिलंय : 'आबांचा दुसरा डोळा'. पुढच्या महिन्यातली तारीख घेतली आहे.