अंगणवाडीचा हिशेब कोणी द्यायचा?

वाचकहो, हिशेब म्हटला की आपल्याला दुकानदाराची चोपडी आठवते, नाही तर सोसायटीचे कर्जखाते. सरकारी पैशावर चालणाऱ्या अंगणवाडीलाही हिशेब असतो. धान्य किती आले आणि किती खर्ची पडले, हा त्याचा एक भाग झाला. पण ज्या मुलाच्या नावाने ते धान्य आले, त्याचे वजन वाढले का? आणि वाढले नसेल तर जाब कोणाला विचारायचा? हा हिशेबाचा दुसरा भाग, आणि खरा भाग तोच. त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गावाबाहेरच्या वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी ठरवले, मुले शाळेकडे येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ. अंगणवाडी हा शब्द त्या विचारातून आला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या अंगणातला हिशेब सोपा होता. शिकवणारी बाई आणि मुलाची आई रोज समोरासमोर. काही चुकले तर आई तिथेच विचारी.

१९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि बालवाड्यांना सरकारी अनुदान मिळू लागले. चांगलेच झाले. पण अनुदानाबरोबर पावती आली, हजेरीपट आला, खर्चाचा दाखला आला. आता हिशेब गावाकडून कचेरीकडे जाऊ लागला. आईला हिशेब देण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली.

मग १९७२ चा दुष्काळ. आपल्या बीड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना तो सांगायला नको. दुष्काळी कामावर बाया खडी फोडत, आणि तान्ही मुले झाडाच्या सावलीत झोळीत. त्या वेळी कामांवर सुकडी वाटली गेली. पोटात काही नसले तर मूल वाढत नाही आणि त्याला नुसती अक्षरे शिकवून भागत नाही, हे त्या काळाने सर्वांना दाखवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली. आपल्या राज्यात मेळघाटातले धारणी त्या पहिल्या प्रकल्पांत होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणी, आयांना आहार व आरोग्याचे शिक्षण आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखाली आल्या. कल्पना मोठी होती. पण जबाबदारीचे तुकडे झाले. आहाराचा खर्च राज्याकडे, बाकीचा बराचसा केंद्राकडे. केंद्राने आहाराचा निम्मा भार उचलला तो पुढे २००५-०६ पासून. इंजेक्शन आरोग्य खात्याचे, इमारत पंचायतीची. आणि सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली अंगणवाडीची सेविका. तिला वेतन नाही, मानधन. वरून काहीही चुकले तरी विचारणा मात्र तिला! याच सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे योजना सुरू होऊन सत्तेचाळीसाव्या वर्षी.

हिशेबाची दिशा बदलली ती न्यायालयामुळे. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या प्रकरणात ऑक्टोबर २००४ मध्ये आदेश झाला की अंगणवाडीच्या आहाराचे काम ठेकेदारांना देऊ नये. गावातले बचतगट व महिला मंडळे यांच्याकडून ते करून घ्यावे. डिसेंबर २००६ मध्ये आणखी सांगितले की, जिथे सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. म्हणजे अंगणवाडी ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही, मुलाचा हक्क झाला. तरी कागद आणि व्यवहार यांत अंतर राहतेच. महाराष्ट्रात घरी नेण्याच्या आहाराच्या निविदांत अशा अटी घातल्या गेल्या की छोटे बचतगट बाहेर पडावेत. त्या निविदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केल्या.

आपल्या मराठवाड्यानेही या इतिहासात एक पान लिहिले आहे. २००२ च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबाद विभागात आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने कुपोषणाविरुद्ध मोहीम निघाली. बीड त्या विभागातलाच जिल्हा. पहिले काम अगदी साधे : प्रत्येक मुलाचे वजन करा आणि खरे तेच लिहा. यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. त्याच काळात डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दाखवून दिले की सरकारी दप्तरात बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी नोंदले जातात. शिक्षक मंडळींना यातली गोम लगेच कळेल. वाईट आकडा दाखवणाऱ्याला शिक्षा होऊ लागली की आकडा सुधारतो, मूल सुधारत नाही. नापासांची संख्या लपवून वर्ग हुशार होत नाही, तसेच हे.

आता आपल्या जिल्ह्याचे दुखणे. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. बरोबर जे तीन वर्षांचे पोर असते ते कोणत्याच हिशेबात नसते. गावच्या अंगणवाडीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असे लिहिले जाते. कारखान्याजवळच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते. आई पहाटे फडात, आणि मूल पाचटाच्या कोपीत नाही तर उसाच्या बांधावर. पाच-सहा महिने, म्हणजे त्याच्या वाढीचे सगळ्यात नाजूक दिवस, असे जातात. दोन्ही रजिस्टरे बरोबर आहेत. फक्त मूल उपाशी आहे.

यावर कायदा काय म्हणतो? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. मूल या गावचे की त्या गावचे, अशी अट त्यात नाही. आहार मिळाला नाही तर भत्ता देण्याची तरतूद आहे, तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर अधिकारी आहे, सामाजिक अंकेक्षण आहे. सामाजिक अंकेक्षण म्हणजे गावानेच गावासमोर केलेली तपासणी. माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच.

मग आपण काय करायचे? ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय घ्या. तीन गोष्टी विचारा. या महिन्यात किती मुलांचे वजन झाले? आहार किती दिवस मिळाला? टोळीबरोबर गेलेल्या मुलांची यादी कुठल्या गावाला कळवली? शिक्षकांनी ती यादी करायला मदत करावी. कोणते घर कोणत्या कारखान्याला गेले हे त्यांना ठाऊक असते. मात्र हे विचारताना बोट सेविकेकडे दाखवू नका. तिच्याकडे काटा आहे का, धान्य वेळेवर येते का, हे आधी पाहा आणि प्रश्न वर पाठवा.

ताराबाईंनी शाळा मुलाच्या अंगणात नेली. आमच्या ऊसतोड्याच्या मुलाचे अंगण वर्षातले सहा महिने फडाच्या कडेला असते. सरकारी अंगणवाडीने तिथवर जायला हवे, आणि ती पोचली की नाही हे त्या मुलाच्या आईला विचारून ठरवायला हवे.