ड्रोनच्या बॅटरीचा विद्युतदाब

ड्रोनच्या बॅटरीचा विद्युतदाब किंवा व्होल्टेज ही उड्डाणादरम्यान बॅटरीच्या स्थितीची सर्वांत सहज मोजता येणारी खूण आहे. मात्र हवेत दिसणारा आकडा केवळ शिल्लक प्रभारावर ठरत नाही. त्या क्षणी मोटारी किती विद्युतधारा खेचत आहेत, यावरही तो अवलंबून असतो. बहुपंखी ड्रोनला विमानाप्रमाणे तरंगत उतरता येत नाही. वीज संपली की तो कोसळतो, म्हणून या आकड्याचा अर्थ नीट लावणे महत्त्वाचे ठरते.

घट आणि त्यांचे दाब

बहुतेक ड्रोनमध्ये लिथियम-पॉलिमर (लिपो) घट वापरतात. एका घटाचा दाब पूर्ण प्रभारित असताना ४.२ व्होल्ट, तर नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो. '४एस' बॅटरीत असे चार घट एकसर जोडणीत असल्याने तिचा पूर्ण दाब १६.८ व्होल्ट भरतो. प्रभार खर्च होताना दाब एकसारखा उतरत नाही. तो आरंभी भरभर, मध्ये बराच काळ संथ आणि ३.६ व्होल्टच्या खाली पुन्हा वेगाने घसरतो. दाब ३ व्होल्टखाली गेल्यास घटाची कायमची हानी होऊ शकते.

भाराखालील घसरण

प्रत्येक घटाला अंतर्गत रोध असतो. ओहमच्या नियमानुसार धारा आणि हा रोध यांच्या गुणाकाराइतका दाब बॅटरीच्या आतच खर्ची पडतो. समजा, चार घटांचा एकूण अंतर्गत रोध ०.०२ ओहम आहे. स्थिर तरंगताना २० अँपिअर धारा लागल्यास दाब ०.४ व्होल्टने उतरेल. झपाट्याने वर चढताना ६० अँपिअर लागल्यास तो १.२ व्होल्टने उतरेल. चढाई थांबताच तो बराचसा सावरतो. उतरल्यानंतर मोजलेला दाबही याच कारणाने हवेतल्यापेक्षा जास्त भरतो. बॅटरीत अजून पुष्कळ प्रभार आहे, असा त्याचा अर्थ काढणे चूक आहे.

फवारणीच्या ड्रोनमध्ये हा परिणाम ठळक असतो. टाकीतील १० लिटर पाणी संपत जाते तसे सुमारे १० किलो वजन कमी होते, धारा घटते आणि प्रभार खर्च होत असूनही दाबाची घसरण मंदावते. याउलट वजन कायम असलेल्या ड्रोनला तरंगण्यासाठी जवळपास तेवढीच शक्ती लागत राहते. त्यामुळे दाब उतरला की धारा वाढते आणि वाढलेली धारा दाब आणखी उतरवते. उड्डाणाचे शेवटचे मिनिट अपेक्षेपेक्षा लवकर संपते ते यामुळेच.

थंडीत आणि जुन्या बॅटरीत अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी पूर्ण प्रभारित बॅटरीसुद्धा पहिल्याच जोरदार चढाईत धोक्याची सूचना देऊ शकते. बॅटरी आधी उबदार ठेवणे आणि आरंभी काही काळ संथ उडणे हा त्यावरचा प्रचलित उपाय होय.

उतरण्याची मर्यादा

भाराखाली प्रतिघट सुमारे ३.५ व्होल्ट दिसताच ड्रोन उतरवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र एकूण दाब एखादा दुबळा घट लपवू शकतो. ४एस बॅटरीचा १४.२ व्होल्ट हा आकडा प्रतिघट ३.५५ व्होल्टची सरासरी दाखवतो. प्रत्यक्षात तीन घट ३.७ व्होल्टवर आणि चौथा ३.१ व्होल्टवर असू शकतो. म्हणून प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्रपणे मोजणे अधिक विश्वसनीय मानले जाते. अनेक आधुनिक बॅटऱ्यांमधील नियंत्रक परिपथ याच्या जोडीला बाहेर पडलेल्या प्रभाराचीही मोजणी ठेवतो.