'ॲप' हा शब्द फोनमध्ये कधी आला?

तुमच्या फोनवर आत्ता तीन शब्द टाइप करून बघा: ॲप, दऱ्या, बाळ. तिन्ही नीट उमटले, कुठे रिकामी चौकट किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं नाही, तर तुमचं नशीब चांगलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हेच तीन शब्द सिंगापूरहून साताऱ्याला धड पोचतील याची खात्री कुणीच दिली नसती.

फोन किंवा टॅबलेटचं मोठं अपडेट आलं की घरोघरी तीच तक्रार ऐकू येते. सगळं जागच्या जागी होतं, आता काही सापडत नाही. अक्षर बारीक झालं, बटणं हलली, आईचा व्हिडिओ कॉल लागत नाही. तक्रार खरीच आहे. पण मराठी लिहिणाऱ्यांसाठी या अपडेटांचा आणखी एक इतिहास आहे. आपली लिपी फोनमध्ये आली ती एकदम नाही, हप्त्याहप्त्याने आली. आणि प्रत्येक हप्ता कुठल्या ना कुठल्या अपडेटबरोबर आला.

थोडं मागे जाऊ. 'अपडेट' हा शब्द नव्हता तेव्हाही लिपी बदलतच होती. विल्यम कॅरीने १८०५ साली सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत. १८१० साली त्याचाच मराठी शब्दकोश निघाला, तो मात्र मोडीत. रोजचा हिशेब, पत्रं, दप्तर सगळं तेव्हा मोडीतच चालायचं. पुढे छपाईत बाळबोध जिंकली. तरी हातातली मोडी सुटायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ह्रस्व इकार अक्षराच्या उजवीकडे लिहायचं ठरलं. लोकांना ते पचलं नाही आणि काही वर्षांतच निर्णय मागे घेतला गेला. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि 'घरांत', 'करणें' यांवरचे अनुस्वार गेले. पण पणजोबांची जुनी पत्रं घरात असतील तर काढून बघा. १९६२ नंतरच्या पत्रांतही ते अनुस्वार बहुधा भेटतील. नियम एका दिवसात बदलतो, हाताला वेळ लागतो.

सिंगापूरलाही हे नवीन नाही. इथल्या शिक्षण मंत्रालयाने १९६९ साली ५०२ सोप्या चिनी अक्षरांची यादी काढली. पुढे यादी वाढत गेली आणि १९७६ साली ती चीनच्या यादीशी जुळवून घेतली. म्हणून आज इथे नातू एका तऱ्हेची अक्षरं शिकलेला असतो आणि आजोबा दुसऱ्या तऱ्हेची. जुन्या देवळांवरच्या पाट्या तर अजून जुन्याच अक्षरांत आहेत.

आता फोनकडे येऊ. तुमच्यातले पुष्कळ जण घरच्या ग्रुपवर रोमन लिपीत मराठी लिहितात आणि त्यावरून बोलणी खातात. 'आळस आहे पोरांचा', असं म्हणतात. पण या सवयीचं मूळ आळसात नाही, हिशेबात आहे. एका एसएमएसमध्ये रोमनची १६० अक्षरं मावायची. देवनागरी किंवा चिनी लिहिलं की मर्यादा थेट ७० वर यायची, कारण प्रत्येक चिन्हाला दुपटीहून जास्त जागा लागे. त्यात मात्रा आणि पायमोडही वेगळे मोजले जात. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर वाटतं, फोनसाठी ती सहा चिन्हं: स, पायमोड, त, पायमोड, र आणि ईकार. परदेशातून पाठवलेल्या प्रत्येक एसएमएसचे पैसे पडत होते तेव्हा रोमन मराठी हा स्वस्तातला मार्ग होता. शिवाय समोरच्याच्या फोनला देवनागरी दाखवता येईल याचा भरवसा नव्हताच. स्वस्ताई संपली, सवय राहिली.

याच काळात सिंगापूरच्या तमिळ मंडळींनी काय केलं ते आपण समजून घेण्यासारखं आहे. शिक्षक आणि लेखक ना. गोविंदसामी यांनी नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमधल्या संशोधकांबरोबर १९९५ साली इथल्या कवितांच्या एका संग्रहातून तमिळ इंटरनेटवर आणली. दहा वर्षांनी, २००५ च्या पोंगलला, तमिळमध्ये एसएमएस पाठवायची 'सेल्लिनम' ही सोय सिंगापुरात सुरू झाली. ती करणारे मुथू नेडुमारन हे मलेशियाचे. तमिळ इथली राजभाषा होती, शाळेत होती, रेडिओवर होती. त्यामुळे फोनवर तिची वाट बघणारे वाचक आधीच तयार होते.

याच नेडुमारन यांचा आपल्याशीही संबंध आहे. ॲपलच्या उपकरणांवर 'देवनागरी संगम एमएन' नावाचा फॉण्ट आहे. त्यातलं 'एमएन' म्हणजे मुथू नेडुमारन. आयफोनवर अनेकांनी पहिल्यांदा मराठी वाचली ती या मलेशियन तमिळ माणसाने घडवलेल्या अक्षरांत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये 'कोहिनूर देवनागरी' हा फॉण्ट आला. अपडेटनंतर 'अक्षर वेगळंच दिसतंय' असं घरातलं कुणी म्हणालं, तर डोळे तपासायची घाई करू नका. अक्षर खरंच बदललेलं असू शकतं.

अँड्रॉइडवर देवनागरी जोडाक्षरांसकट नीट दिसू लागली ती ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ च्या अखेरीस. त्याआधी जाणकार लोक ऑपेरा मिनी ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरून एक पर्याय चालू करत. मग पानावरची मराठी चित्राच्या रूपात येई. वाचता यायची, पण कॉपी करता यायची नाही. २०१३ साली आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने, आयडीसीने, 'स्वरचक्र' हा कीबोर्ड काढला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चाक उघडायचं. आयफोनला मराठी कीबोर्ड मिळाला तो आयओएस ८ बरोबर, सप्टेंबर २०१४ मध्ये. म्हणजे आयफोन बाजारात आल्यावर सात वर्षांनी.

आणि 'ॲप'? युनिकोड ही जगातल्या लिप्यांची सामाईक मोजदाद. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. पण त्या तक्त्यात 'ॲ' हे अक्षर नव्हतं. हिंदीला ते लागत नाही, आपल्याला लागतं. ते आलं एप्रिल २००८ मध्ये, युनिकोड ५.१ बरोबर. ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं त्याच वर्षीच्या जुलैत. वस्तू यायच्या तीन महिने आधी तिच्या मराठी नावाला पहिलं अक्षर मिळालं होतं.

तक्त्यात आलं म्हणून ते लगेच फोनवर आलं नाही. तोवर लोक 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत होते आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. दोन्ही रूपं डोळ्यांना सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी असतात. एका रूपात शोधलं तर दुसऱ्या रूपातलं हाती लागेलच असं नाही. जुने मराठी लेख शोधताना हा अनुभव आम्हाला वारंवार येतो.

'दऱ्या'ची गोष्टही अशीच. 'आचार्यांना जेवायला बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलावलं' यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पहिल्यात गुरुजी आले, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा फरक दाखवायला आपण जो आडवा रफार लिहितो, तो युनिकोडमध्ये 'ऱ' या अक्षराचं अर्धं रूप म्हणून येतो. गंमत म्हणजे तक्त्यात हा 'ऱ' द्राविडी भाषांतला 'र' देवनागरीत लिहिण्यासाठी नोंदवलेला आहे. मराठीतला रोजचा भेद तमिळच्या शेजारणीकडून उसनं घेतल्यासारखा चालतो.

कधी अपडेटच घात करतं. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूमधला 'ज्ञा' असलेला संदेश आला की आयफोनवरची ॲप्स बंद पडत होती. आयओएस ११.२.६ ने आठवड्याभरात ते दुरुस्त केलं. आपल्या लिप्यांतली जोडाक्षरं रचणं यंत्राला किती जड जातं, हे त्या आठवड्यात जगाला कळलं.

सिंगापुरात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी यात एक वेगळी अडचण आहे. इथल्या शाळांत तमिळशिवाय पाच भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात: हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू. मराठी त्यांत नाही. त्यामुळे अनेक मराठी घरांतली मुलं देवनागरी शिकतात ती हिंदीच्या पुस्तकातून. त्या पुस्तकात 'ळ' भेटत नाही, 'ॲ' भेटत नाही, आडवा रफार भेटत नाही. मग फोनची भाषाही हिंदीच ठेवली जाते. फोन मराठी शब्दाला चूक ठरवतो आणि पोराला वाटतं, फोनचंच बरोबर असणार.

'ल' आणि 'श' यांचं तसंच. मराठी वळणाचे 'ल', 'श' आणि हिंदी वळणाचे 'ल', 'श' वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेबद्दल २००९ साली आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णय काढून मराठी वळणाचा आग्रह धरला. पण युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच आहे. कुठलं वळण दिसणार हे फॉण्टवर आणि फोनला सांगितलेल्या भाषेवर ठरतं. काही फॉण्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकूर मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण पुढे येतं. हा लेख वाचताना तुम्हाला कुठला 'ल' दिसतोय, हे आम्हाला इथे बसून सांगता येणार नाही.

तेव्हा पुढचं मोठं अपडेट आलं की दहा मिनिटं काढा. फोनच्या भाषांच्या यादीत मराठी घाला, इंग्रजीच्या खाली का होईना. कीबोर्ड हिंदीचा असेल तर शेजारी मराठीचाही जोडा. आणि गावाकडच्या आजीचा टॅबलेट कुठल्या आवृत्तीवर अडकलाय ते विचारा. यंत्र जुनं झालं की कंपनी त्याला अपडेट देणं थांबवते, आणि आपण इकडून हौसेने पाठवलेलं नवं चिन्ह तिकडे रिकामी चौकट होऊन उतरतं. आजी ते सांगत नाही. तिला वाटतं, आपल्यालाच वाचता आलं नाही.