नाव घेऊन गाणं

कारखाने सुरू झाले की वाशीच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात आणि यंदा कोणतं गाणं वाजतंय ते त्यांच्या डेकवरून कळतं. वाजलं म्हणजे चाललं, धंदा झाला. न वाजलेलं गाणं तेरखेड्याच्या भिजलेल्या फटाक्यासारखं, फुसकं. हल्ली या डेकवर रॅपही असतं. पोरगा स्वतःचं नाव घेतो, गल्लीचं घेतो, घरातली ओढाताण सांगतो. टपरीवर शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "ह्यो गडी सारखं आपलंच नाव काय घ्यायलाय?"

खोड नवी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांच्या अभंगात शेवटी 'गोरा कुंभार' येतो. जनाबाईंची 'जनी' येते, चोखोबांचा 'चोखा' येतो. नाममुद्रा म्हणतात तिला. रचना कुणाची ते कळावं, एवढंच तिचं काम. पण तुकोबा एका अभंगात त्यापुढे गेले. जात सांगितली, व्यापार सांगितला. आईबाप गेले, दुष्काळात द्रव्य आणि मान दोन्ही गेलं, बायको अन्न अन्न करत मेली, हे सगळं सांगितलं. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, नाहीतर बोलू नये, असा संकोचही सुरुवातीलाच दाखवला.

शाहिरांना असला संकोच नव्हता. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासाने आपलं नाव गुंफलं आणि घोडा नि सोन्याचा तोडा इनाम मिळाल्याचंही त्याच पोवाड्यात नोंदवलं. गाणं किती 'वाजलं' याचा हिशेब गाण्यातच! पुढे वामनदादा कर्डकांनी शेवटच्या कडव्यात 'वामन' ठेवला. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत गेली. बिदागी मात्र घोड्यातोड्याची नव्हती.

रॅपचं घराणं वेगळं. त्याचा जन्म 11 ऑगस्ट 1973 चा सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या जमैकन पोराने इमारतीतल्या हॉलमध्ये बहिणीच्या पार्टीला तबकड्या वाजवल्या. 1979 मध्ये निघालेलं 'रॅपर्स डिलाइट' अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात गेलं आणि कंपन्यांना कळलं की हे विकतं. पण आत्मकथेचा खरा नमुना म्हणजे ऑगस्ट 1994 मधलं 'जूसी'. ब्रुकलिनचा नोटोरियस बी.आय.जी. त्यात वाढदिवस नकोसे करणारी गरिबी सांगतो आणि आता कसं सगळं मिळालं तेही सांगतो. गंमत अशी की तेव्हा तो 22 वर्षांचा होता आणि त्याचा पहिला अल्बम अजून बाजारात यायचा होता. म्हणजे श्रीमंती आधी गायली, आली नंतर. गाणं बिलबोर्डच्या यादीत 27 व्या क्रमांकापर्यंत चढलं, 'गोल्ड' ठरलं. गिऱ्हाइकांनी पैसे मोजून त्याची आत्मकथा खरी केली. तुकोबांनी गमावलेलं सांगितलं, याने अजून न मिळालेलं. मला या दोघांतलं हे अंतर फार मोठं वाटतं.

आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये 'आफत' केलं. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवरच आवाज घेतला, चित्रणही त्यावरच केलं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. ते झोया अख्तर यांच्या नजरेला पडलं आणि त्या धाग्यातून 2019 चा 'गली बॉय' सिनेमा निघाला. भाषा मुंबईची हिंदी. मराठीला तसा दणका 2024 मध्ये मिळाला. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या नाचगाण्यांच्या डच कंपनीने काढलं. ते पूर्ण आत्मकथा नव्हे, पण उन्हात रापलेली कातडी मिरवायची हा बाणा आपला. ऊसतोडीच्या फडात तर ती सगळ्यांचीच असते.

आजोबांना मी तुकोबांचं सांगितलं. ते म्हणाले, "तुकोबाचं नाव शेवटी येतंय. ह्याचं पहिल्याच ओळीला."

उत्तर धंद्यात आहे. स्पॉटिफायवर गाणं निदान 30 सेकंद ऐकलं तरच ते 'वाजलं' असं धरतात. अभंगाला बसलेला माणूस शेवटच्या चरणापर्यंत थांबायचा. मोबाइलवरचा अंगठा थांबत नाही. मग गाणाऱ्याने नाव शेवटी ठेवून कसं चालेल?

तेवढ्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढ्यातून गेला. डेकवर कुणीतरी आपलं नाव, आपलं गाव सांगत होता. चालवणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणाला पेनड्राइव्हमधून लावलंय, फडावरनं कारखान्यापर्यंत हेच. त्याची मोजणी कुठेच होत नाही.